ओडिलोंचा विद्यार्थी

हेल्मनाऊच्या विद्यापीठात पदवीदानाआधी चोपदार पुढे येतो आणि भरल्या सभागृहाला विचारतो, "आचार्य ओडिलोंचा विद्यार्थी इथे कुणी आहे काय?" कुणी उत्तर देत नाही. सगळे माना खाली घालतात. पाहुण्यांना शहर दाखवणाऱ्या वृद्ध ब्रिगिटाबाई या प्रथेमागची हकिकत सांगतात, ती अशी.

फार पूर्वी ओडिलो इथे धर्मशास्त्र शिकवीत. वर्गात लॅटिन चाले. पण संध्याकाळी ते विणकरांच्या आळीत जाऊन बायबल लोकांच्या बोलीत वाचून दाखवत. चर्चच्या लेखी हे पाखंड होतं, आणि ते बिशपच्या कानावर गेलं. याच सभागृहात चौकशी बसली. त्या काळी नियम होता म्हणे, की एका जरी शिष्याने उभं राहून गुरूची हमी घेतली, तर देहदंड टळून हद्दपारी होई.

तिलमान हा त्यांचा सर्वांत लाडका शिष्य. आईबाप नव्हते, ओडिलोंच्याच घरी जेवून तो शिकला होता. न्यायाधीशाने विचारलं, "यांचा विद्यार्थी इथे कुणी आहे काय?" उठावं म्हणून तिलमानने बाक घट्ट धरला, आणि तसाच धरून बसला. ओडिलोंनी त्याच्याकडे पाहिलं.

"इथे माझं कुणी नाही," ते शांतपणे म्हणाले. "विचारू नका."

ते ऐकून तिलमानला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची शिसारी त्याला जन्मभर पुरली, असे सांगतात.

नदीकाठी ओडिलोंना जाळलं. पुढे वारं फिरलं. नवा राजा आला, नवा पंथ आला, आणि ज्या शिकवणुकीपायी ते मेले तीच शहराचा धर्म झाली. तिलमानने ती ग्रंथात मांडली. पॅरिस, प्राग, लायडनहून पंडित त्याच्याकडे येऊ लागले. युरोपात हेल्मनाऊचं नाव झालं, आणि तिलमान कुलगुरू झाला.

पहिल्याच पदवीदानाला त्याने चोपदाराला तो प्रश्न मोठ्याने विचारायला लावला. या वेळी आपण उठायचं आणि सगळ्यांदेखत "मी आहे" म्हणायचं, असं त्याने ठरवलं होतं. प्रश्न घुमला. खाली बसलेल्यांना वाटलं, ही आदरांजली आहे. त्यांनी माना झुकवल्या. त्या झुकलेल्या माना पाहून तिलमान जागचा उठलाच नाही. पुढच्या वर्षी बोलू, असं त्याने मनाशी म्हटलं. दरवर्षी प्रश्न विचारला जाई आणि दरवर्षी तो बसून राही. त्यातच तो मेला. प्रथा मात्र राहिली.

आजही प्रश्न विचारला जातो, आणि ती शांतता पाहून पाहुण्यांचे डोळे भरून येतात. मध्यंतरी बाहेरगावच्या एका मुलीला प्रथा ठाऊक नव्हती. तिने ओडिलोंची प्रवचनं वाचली होती. प्रश्न ऐकून ती भाबडेपणाने उठू लागली.

शेजारच्या प्राध्यापकांनी तिची बाही ओढली. "बस खाली," ते कुजबुजले. "इथे कुणी उभं राहत नाही."