झुंबरच्या नव्या भुवया

कुरणवाडीत झुंबर नावाचा एक भोळा राहायचा. 'भोळा' हा त्याच्या आईचा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता.

तिशी उलटली तरी झुंबरचं लग्न जमेना. सहा मुलींनी नकार दिला. दोष डोक्यात होता, झुंबरला तो भुवयांत सापडला. त्या होत्याही विरळच. तालुक्याला पार्लरात भुवया गोंदून देतात असं त्यानं ऐकलं, आणि तो थेट वृषालीताईंच्या खुर्चीत जाऊन बसला.

"काढा."

"असं लगेच नाही काढत, भाऊ," पार्लरवाल्या ताई म्हणाल्या. "अंगाला चालतं का ते आधी बघायचं. कानामागं थोडं लावायचं, एक दिवस थांबायचं. खाज सुटली नाही तरच पुढं."

त्यांनी कानामागं रंगाचा ठिपका लावला. झुंबरनं वाक्य पाठ केलं.

त्याच संध्याकाळी आई त्याला मुलगी बघायला घेऊन गेली. मुलीचं नाव कावेरी. तिनं पोह्यांची बशी पुढं केली. झुंबरनं चिमूटभर पोहे उचलले, दुसऱ्या कानामागं चोपडले आणि हाताची घडी घालून बसला.

"घ्या ना," कावेरीचे वडील किसनराव म्हणाले.

"उद्या सांगतो. खाज सुटली नाही तर खाईन."

कावेरीला हसू फुटलं. किसनरावांना नाही. पण झुंबरची पाच एकर बागायत होती, म्हणून त्यांनी पोहेही पोटात घातले.

घरी येताच आई कडाडली, "गाढवा, समोर ठेवलेलं आधी तोंडात घालायचं! मग बोलायचं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी ताईंनी भुवयांचा रंग वाटीत काढून समोर ठेवला. झुंबरनं तो तोंडात घातला.

"अहो, हे काय!"

"गोड नाही," झुंबर म्हणाला. दात काळे झाले होते.

ताईंनी त्याला चार वेळा चूळ भरायला लावली. मग पेन्सिलीनं आकार आखून आरशात दाखवला, त्याच्यादेखत नव्या सुईचं पाकीट फोडलं आणि दोन तासांत भुवया गोंदून दिल्या. झाल्या झकास. निघताना ताईंनी बजावलं, "सात दिवस पाणी लागू द्यायचं नाही. खपली धरेल, ती ओढायची नाही. आपोआप गळू द्यायची."

घरी नव्या खोलीला त्याच दिवशी सिमेंटचा गिलावा झाला होता. आई बहिणीकडे निघाली होती. "नव्या भिंतीकडे बघ रे," एवढं सांगून ती गेली. चौथ्या दिवशी परतली, तर गिलाव्याचे पोपडे खाली पडताहेत आणि झुंबर समोर खाट टाकून भिंतीकडे बघतोय.

"पाणी नाही मारलंस?"

"थेंब लागू दिला नाही. बघ, आपोआप गळतंय. मी हातसुद्धा लावला नाही."

आईनं डोकं धरलं. "अरे मेल्या, नव्या कामावर सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं असतं!"

झुंबर दचकला. नवं काम तर त्याच्या कपाळाखालीही होतं. तो उठला आणि त्यानं नळाला पाइप जोडला.

तीन दिवसांत डावी भुवई धुऊन गेली. उजवी सुजून भज्यासारखी फुगली. झुंबर रडत ताईंकडे गेला.

"गेली! कायमची गेली!"

ताई आता पुरत्या वैतागल्या होत्या. "कायमचं काही नसतं यात, भाऊ. नीट सांभाळली तरी दोन-तीन वर्षांत फिकट होते. मग दुसरीकडून नवी करून घ्यायची. त्यात रडायचं काय?"

झुंबरला फार धीर आला. हेही वाक्य त्यानं पाठ केलं.

पुढच्या महिन्यात साखरपुडा ठरला. नवरदेवाला भुवई एकच होती, पण पाचही एकर जागच्या जागी होते. मांडवात दोन्हीकडचा गोतावळा जमला. नव्या साडीत कावेरी येऊन बसली. किसनरावांनी लेकीचा हात झुंबरच्या हातात दिला आणि त्यांना हुंदका आला.

"जावईबापू, एकुलती एक लेक आहे. जन्मभर सांभाळाल ना?"

सासऱ्याचे डोळे भरलेले पाहून झुंबरला राहवेना. त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात समजूत घातली,

"कायमचं काही नसतं यात, मामा. नीट सांभाळली तरी दोन-तीन वर्षांत फिकट होते. मग दुसरीकडून नवी करून घ्यायची. त्यात रडायचं काय?"