रांजणाच्या बुडातली ओल

फार पूर्वी तगर नगरात सुदर्शन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या कुंभारवाड्यात एका कुंभाराच्या घरी जन्माला आले होते. शेजारीच त्यांचा धाकटा चुलतभाऊ तिष्यक राहत असे. त्याचे आईबाप लवकर गेल्यामुळे चाक फिरवायला त्याला बोधिसत्त्वांनीच शिकवले होते. तिष्यकाच्या घागरी हलक्या आणि गोड नादाच्या असत. त्याची पत्नी उत्पला त्या बाजारात विकत असे. दोघांचे सुखाने चालले होते.

एका हेमंतात जयघोष नावाचा आचार्य नगरात आला आणि त्याने नदीकाठी मोठा मंडप घातला. तो शास्त्र शिकवीत नसे की एखादी कारागिरीही शिकवीत नसे. माणसाने मोठे कसे व्हावे, एवढेच तो सांगे. "लहान कामे लहान मनाची माणसे करतात," तो घुमणाऱ्या आवाजात म्हणे. "डोळे मिटा आणि म्हणा, मी महाश्रेष्ठी आहे!" शेकडो कारागीर हात उंचावून तसे ओरडत. मग तो दुसऱ्या नगरातून बरोबर आणलेल्या एका तेल्याला पुढे बोलावी. गेल्या वर्षी एकाच बैलामागे फिरणारा हा तेली आता सात घाण्यांचा धनी होता. त्याला पाहून लोकांचे डोळे भरून येत.

तिष्यक रोज मंडपात जाऊ लागला. एके दिवशी त्याच्या आग्रहाखातर बोधिसत्त्वही गेले. भाषण संपल्यावर त्यांनी हात जोडून विचारले, "आचार्य, गेल्या वर्षी या तेल्याबरोबर आणखी किती जण आपल्यापुढे बसले होते?"

"हजार तरी असतील," जयघोष अभिमानाने म्हणाला.

"बाकीच्यांचे कसे चालले आहे?"

 जयघोष हसून सभेकडे वळला. "पाहिलंत? शंका अशी बोलते. तुमच्या घरात असा कुणी असेल, तर त्याच्यापासून चार हात दूर राहा."

सभा हसली. तिष्यकाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. परतताना तो भावाच्या पुढे पुढे, एकटाच चालत राहिला.

त्याच सुमारास राजाच्या कारभाऱ्याने दवंडी पिटवली. माघी पौर्णिमेची यात्रा वीस दिवसांवर आली होती आणि यात्रेकरूंच्या पाण्यासाठी चाळीस मोठे रांजण हवे होते. तिष्यकाने जन्मात रांजण केला नव्हता. तरी त्याने जाऊन शब्द दिला.

हे कळताच बोधिसत्त्व त्याच्या अंगणात आले. "अरे, रांजणाचे बूड चार बोटे जाड. या थंडीत ते महिनाभर सुकत नाही."

"दादा, भीती तुझ्या मनात आहे आणि नाव तू मातीचे घेतोस," तिष्यक म्हणाला. "पुन्हा माझ्या अंगणात येऊ नकोस."

बोधिसत्त्व घरी गेले. मात्र दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तिष्यकाच्या कुंपणाशी चाळलेल्या मातीचा ढीग दिसू लागला. उत्पला ती माती मुकाट्याने आत नेई.

सोळाव्या दिवशी भट्टी रचली गेली. उत्पलेने एका रांजणाला गाल लावून पाहिला. "अहो, अजून गार लागतोय."

तिष्यक शहारला. पण डोळे मिटून त्याने आचार्यांचे शब्द म्हटले आणि आग दिली. थोड्याच वेळात आत एक रांजण फुटला. मग दुसरा, मग एकामागून एक. एक खापर उडून उत्पलेच्या कपाळाला लागले आणि रक्त वाहू लागले.

जखम बांधून तिष्यक मंडपाकडे धावला. जयघोषाने सारे ऐकून विचारले, "आग देताना तुझ्या मनात शंका आली होती का?"

"आली होती."

"मग तिनेच रांजण फोडले."

तिष्यक घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजला. दोन दिवस त्याने अन्नाला हात लावला नाही. शेवटी उत्पला बोधिसत्त्वांच्या दारात आली. कपाळाची पट्टी सावरीत ती म्हणाली, "भाऊजी, माझ्या बोलण्यानेच यांचे मन डळमळले म्हणतात. असेल का हो तसे?"

बोधिसत्त्व लगेच उठले. भट्टीत न मावलेले तीन रांजण तिष्यकाच्या अंगणात उभे होते. त्यांनी भावाला हाताला धरून बाहेर आणले आणि दगडाने एका रांजणाचे बूड फोडले. बाहेरून ते पांढरे, कोरडे होते. आत माती काळसर होती.

"बोट लाव."

तिष्यकाने बोट लावले. माती थंडगार होती.

"ही तुझी शंका नव्हे, बाळा. ही ओल आहे. तापल्यावर तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. तुझ्या मनातले मातीला काय कळणार? रांजण वाळलेले असते, तर तू थरथरत आग दिली असतीस तरी टिकले असते."

 तिष्यकाला हुंदका फुटला. तो उत्पलेकडे गेला आणि तिच्या कपाळावरची सैल पट्टी त्याने हलक्या हाताने नीट बांधली.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ कारभाऱ्याकडे गेले. तिष्यकाने स्वतःच्या तोंडाने सांगितले, "शब्द दिला, पण रांजण होणार नाहीत." कारभारी संतापला. बोधिसत्त्वांना म्हणाला, "तू करून दे. यापुढे राजवाड्याचे सगळे काम तुझ्याच घरी येईल."

"स्वामी, माझ्या अंगणातली माती काही लवकर सुकत नाही," बोधिसत्त्व म्हणाले. "लोकांना पाणी हवे आहे. कुंभारवाड्यात भाजलेल्या दोनशे घागरी तयार आहेत, त्यातच भरा. आणि रांजणांचे काम याच्याकडेच राहू द्या. उन्हाळ्यात तो देईल. आता याच्याइतके ओलीला ओळखणारे दुसरे कोण आहे?"

कारभाऱ्याला हसू आले. त्याने होकार दिला.

यात्रा पार पडली. मंडप उतरवून निघालेला जयघोष वाटेसाठी पाण्याचे भांडे घ्यायला नेमका बोधिसत्त्वांच्या दाराशी आला. बोधिसत्त्वांनी त्याला चांगली सुरई निवडून दिली आणि म्हणाले, "आचार्य, हजारांची चौकशी आता होणार नाही. एकाची तरी करा. त्याचे घर शेजारीच आहे."

जयघोष शेजारी गेला. उत्पलेच्या कपाळावरची खपली पाहून त्याने हातातली सुरई खाली ठेवली. तो ओट्यावर खाली बसला. उत्पलेने त्याला पाणी दिले. तिष्यक त्याच्याशेजारी येऊन बसला, आणि जयघोष खालच्या आवाजात एवढेच म्हणाला, "मला मातीचे काहीच ठाऊक नव्हते."

वैशाखात तिष्यकाने भट्टी उघडली. चाळीसातला एक रांजण तडकला होता. तिष्यकाने तो उचलला, बूड कुठे जाड राहिले ते बोटाने चाचपले आणि त्याच दिवशी दुसरा घडवायला घेतला.

ध्यान लागत नाही म्हणून स्वतःला नालायक समजून रडणाऱ्या एका तरुण भिक्षूला भगवंतांनी ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "भिक्षू, तेव्हाचा तिष्यक तू होतास. उत्पला म्हणजे तुला रोज भिक्षा वाढणारी ती उपासिका. शंकेनेच तुझे ध्यान मोडते असे तुला ठणकावून सांगणारा तुझा सोबती तेव्हा जयघोष होता. आणि तो थोरला कुंभार मीच होतो." खचलेल्याच्या माथी दोष न मारता त्याच्याजवळ बसणे, ही मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, बोधिसत्त्वांनी त्या जन्मी पाळली.