नदीची घोंगडी

एकदा एका अठरा माणसांच्या पक्षाला दिल्लीची ओढ लागली. हसू नका, मोठे पक्षही कधीकाळी एवढेच होते. सावळी नदीच्या काठी, एका वृद्ध गुरुजींच्या पडवीत हा पक्ष जन्मला. नदी, डोंगर, झाडं वाचवायची, एवढंच त्याचं म्हणणं. त्यांची एक रीत होती. सभा कोणतीही असो, आधी एक घोंगडी अंथरायची आणि ती रिकामी ठेवायची. ती नदीची बैठक. तिला मत नाही, निदान बसायला जागा तरी असावी, असं गुरुजी म्हणत.

त्यांची शिष्या इंदुमती तीनदा लोकसभेला उभी राहिली आणि तिन्ही वेळा अनामत जप्त झाली. लोकांच्या टिंगलीने ती पार विटून गेली होती. अशात वैशाखातल्या एका दुपारी मोठ्या पक्षाचे एक पुढारी युतीचा कागद घेऊन आले.

"ताई, उमेदवारी तुमची, निवडून आणायची जबाबदारी आमची. फक्त सावळी वळवायच्या योजनेला विरोध सोडा. बाकी झाडं लावा की हवी तेवढी!"

पडवी गच्च भरलेली. पाहुण्यांना बसवायचं कुठे? घाईघाईत इंदुमती म्हणाली, "इथे बसा ना, साहेब." आणि पुढारी त्या घोंगडीवर ऐसपैस मांडी घालून बसले.

गुरुजींनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग ते उठले आणि पुस्तकांचे गठ्ठे, तांदळाचा डबा, अंथरुणं एकेक करून माळ्यावर चढवू लागले. म्हातारपणी हे काय सुचलं, म्हणून दोघे-तिघे हसलेसुद्धा.

कागदाचं वाचन सुरू झालं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि पडवीत शेवाळाचा वास येऊ लागला. पुढारी सारखे सरकून बसत होते. "इथे पाणी सांडलंय का हो?" कुणीच सांडलं नव्हतं. ते उठले तेव्हा त्यांचं धोतर कमरेपर्यंत ओलं होतं आणि त्यातून बारीक वाळू गळत होती. "उद्या सही करून पाठवा," एवढं पुटपुटून ते अनवाणीच गाडीत जाऊन बसले.

सगळे पांगल्यावर इंदुमतीने घोंगडी पिळली. पाणी थांबेचना.

"गुरुजी, हे काय हो? आणि तुम्ही सामान वर का चढवत होतात?"

"बावीस वर्षं ही घोंगडी कोरडी का राहिली, याचा कधी विचार केलास, बाळ? जिला हक्काची जागा असते, ती आपल्या जागी राहते. आज तू तिला उठवलंस, तेही आपल्याला खुर्ची मिळावी म्हणून. उठवलेला माणूस अपमान गिळून घरी जातो. नदी कुठे जाणार? ती आता बसायला जागा शोधेल. मी आपलं घर तिच्यासाठी मोकळं करत होतो."

इंदुमतीचे डोळे भरून आले. "मला एकदा तरी जिंकायचं होतं हो. दिल्लीत जाऊन मी तिच्याबद्दलच बोलले असते."

"तिला वळवून झाल्यावर?" गुरुजींनी हळूच विचारलं.

ती उठली. मग तिने तो कागद फाडला, घोंगडी पुन्हा अंथरली आणि स्वतः जमिनीवर बसली. "चुकलं माझं. बस गं, बाई," ती रिकाम्या जागेला म्हणाली. घोंगडी मधोमध किंचित दबली. गुरुजींनी हात जोडले.

त्या निवडणुकीत इंदुमतीची अनामत चौथ्यांदा गेली. निकालाच्या संध्याकाळी घोंगडी कोरडी ठणठणीत पाहून गुरुजींनी माळ्यावरचं सामान खाली उतरवलं.