वनजाईची झोळी

एका राज्यात, जिथे डोंगर निळे होते आणि नद्या बारमाही वाहत होत्या, शीलवर्धन नावाचा राजा होता. त्याच्या राणीचे नाव सुकेशी. राजवाड्याच्या पूर्वदाराशी एक मोठा मांडव होता. दुपारी त्या मांडवात कोणीही यावे, पानावर बसावे, जेवून जावे. वाढायला राणी स्वतः उभी राही. पदर खोचून ती वाफाळता भात वाढी, त्यावर वालाची आमटी ओती, आणि "आणखी?" एवढेच विचारी. दुसरा प्रश्न त्या मांडवात कोणी विचारत नसे. पुढे कित्येक वर्षांनी म्हातारी माणसे त्या दुपारांविषयी बोलत, तेव्हा त्यांचा आवाज आपोआप खाली येई.

एकदा फाटक्या वस्त्रांतला एक मनुष्य मांडवात पोटभर जेवून गेला. संध्याकाळी तोच मनुष्य रेशमी शेला पांघरून बाजारात उभा असलेला प्रधानाने पाहिला. तो एक धनाढ्य व्यापारी होता. राजाला फसवणे किती सोपे आहे, हे तो मित्रांना हसत हसत सांगत होता. प्रधानाने ही गोष्ट भर दरबारात सांगितली, आणि दरबारीही हसले.

ते हसू राजाच्या जिव्हारी लागले. दुसऱ्याच दिवशी त्याने दारावर पारखी नेमले आणि हुकूम दिला, "जो मागायला येईल त्याला तीन प्रश्न विचारा. तू कोण? तुझ्यावर ही वेळ का आली? आणि याला साक्ष कोण? उत्तरे पटली तरच त्याला आत घ्या."

राणी म्हणाली, "महाराज, भुकेला साक्षीदार कुठून आणायचा?"

"मला पुन्हा फसायचे नाही," राजा म्हणाला.

राणीने खोचलेला पदर सोडला आणि ती आत निघून गेली. त्यानंतर मांडवात येणारे दिवसेंदिवस कमी होत गेले. शेवटी तिथे पारखी आणि चिमण्या एवढेच उरले.

अशात एके दुपारी एक काळीसावळी बाई दाराशी आली. तिच्या खांद्याला झोळी होती आणि पाय धुळीने माखले होते. पारख्यांनी विचारले, "तू कोण?"

ती म्हणाली, "मी भुकेली आहे."

"तुझ्यावर ही वेळ का आली?"

"मी भुकेली आहे."

"याला साक्ष कोण?"

"मी भुकेली आहे," ती तिसऱ्यांदा म्हणाली.

पारख्यांनी सज्जाकडे पाहिले. सज्जात राजा उभा होता. त्याने मान हलवली, आणि दार लागले.

ती बाई म्हणजे वनजाई होती, डोंगरापलीकडची मांत्रिकीण. तिने झोळी उघडली आणि वर पाहून शांतपणे म्हटले, "राजा, तुला पारख फार प्रिय. माणसाने पहिली पारख जिभेने शिकलेली असते. ती मी नेते." तिने झोळीचे तोंड आवळले आणि ती चालू लागली. त्या क्षणी साऱ्या राज्यातून चव निघून गेली.

मीठ खारट लागेना. गूळ गोड लागेना. कारले आणि केळे एकच झाले. सीमा ओलांडून परमुलखात गेले तरी त्या राज्यातल्या माणसांची जीभ मुकीच राही. लोक भूक लागली की खात आणि पोट भरले की उठत. संध्याकाळी पारावर म्हातारे जमत. एक म्हणे, "भाजलेले कणीस, त्यावर लिंबू." दुसरा म्हणे, "चिंचेचे सार, आणि त्यात वरून हिंगाची फोडणी."

या शापानंतर वर्षभराने राजाला कन्या झाली. तिचे नाव कुमुदवती. तिने चव अशी कधी जाणलीच नव्हती. ती आईजवळ बसून विचारी, "आईसाहेब, कैरी कशी असते?"

"खाल्ली की डोळे मिटतात."

"दुखते म्हणून?"

"नाही ग. बरे वाटते म्हणून," राणी म्हणे, आणि खिडकीबाहेर पाहत राही.

कुमुदवती मोठी झाली तसतशी राणी खंगत गेली. आधी तिचे एक वेळचे जेवण सुटले, मग घासही जाईना. वैद्य म्हणाले, "महाराज, यांना रोग नाही. यांना खावेसे वाटत नाही, आणि त्यावर आमच्याकडे औषध नाही."

राणीच्या खिडकीसमोर उंबराचे जुने झाड होते. त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी चिखलाने दार लिंपून अंड्यांवर बसली होती, आणि नर दिवसभर फळे आणून फटीतून तिला भरवत होता. तो पक्षी बोलका होता. एके सकाळी त्याने कुमुदवतीला म्हटले, "राजकन्ये, वनजाई जिवंत आहे. तिच्या अंगणातली फळे मी आणतो. वाट मला ठाऊक आहे."

"मला नेशील?"

"नेईन. पण सावकाश येशील तर. मला इकडेही परतावे लागते." त्याने चोच फटीकडे वळवली. "तिला विसरून चालत नाही."

राणी भिंत धरून स्वयंपाकघरात गेली. तिने तीन भाकरी भाजल्या आणि फडक्यात बांधून मुलीच्या हाती दिल्या. राजा दाराशी उभा होता. तो म्हणाला, "वाटेत कोणी काही मागेल. नीट चौकशी केल्याशिवाय देऊ नकोस."

पहिल्या नदीच्या उतारावर एक आंधळा म्हातारा बसला होता. पावलांची चाहूल लागताच त्याने हात पुढे केला. "मुली, काही खायला आहे का?"

कुमुदवतीला बापाचे शब्द आठवले. तिने विचारले, "बाबा, तुम्ही खरेच उपाशी आहात का?"

म्हातारा हसला. "सकाळी एका गुराख्याने मूठभर लाह्या दिल्या होत्या. आता पुन्हा भूक लागली. ती काही एकदाच लागत नाही."

कुमुदवती लाजली. तिने एक भाकरी काढून त्याच्या हातावर ठेवली. म्हातारा भाकरी खाऊन नदीचे पाणी प्यायला आणि तिच्याकडे न वळता काठी टेकत निघून गेला. त्याने आशीर्वाद दिला नाही की आभार मानले नाहीत. तिला वाईट वाटले, आणि वाईट वाटले याचेही नवल वाटले.

दुसऱ्या नदीपलीकडे एका गावाची वेस होती. तिथे एक तरुण भिकारी पडला होता. त्याचा एक पाय मागे दुमडलेला होता आणि त्यावर रक्ताळलेल्या चिंध्या होत्या. "ताई, चालता येत नाही. दोन दिवस पोटात काही नाही." कुमुदवतीने या वेळी काहीच विचारले नाही. भाकरी देऊन ती थोडी पुढे गेली, आणि सहज वळून पाहते तो काय, तो तरुण दोन्ही पायांवर उभा राहून चिंध्या सोडत होता.

ती तशीच मागे आली. तिचे कान तापले होते. "तू मला फसवलेस."

"हो," तो म्हणाला.

"पाय धड असताना?"

"पाय धड दिसले की लोक म्हणतात, जा, काम कर. काम मागायला गेलो की म्हणतात, तुझी ओळख कोण देईल?" त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "परत हवी असेल तर घे. अजून खाल्ली नाही."

कुमुदवती भाकरीकडे पाहत उभी राहिली. दरबारातले ते हसू तिच्या बापाला का लागले असेल, हे तिला प्रथमच कळले. भाकरी हिसकावून घ्यावी, असे तिच्या मनात खरोखर आले. पण तो तरुण तुकडा हातात धरून वाट पाहत होता आणि त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती.

"खा," ती म्हणाली, आणि निघाली. राग मात्र तिच्याबरोबर बरेच अंतर चालला.

तिसऱ्या नदीजवळ एका करंजाच्या झाडाखाली एक मनुष्य अंग आखडून बसला होता. त्याचे दात वाजत होते. त्याने मागण्याआधीच कुमुदवतीने शेवटची भाकरी त्याच्यापुढे धरली. त्याने ती धुळीत भिरकावली.

"भाकरी नको. हातातले कडे दे. पलीकडच्या वस्तीत अफू मिळते."

ते कडे तिला आईने दिले होते. पण ते आईचे नसते तरी काय करावे, हे तिला कळेना. न द्यावे तर हा तडफडतो. द्यावे तर हा संपतो. शेवटी ती म्हणाली, "कडे मी देणार नाही."

"मग तू माझ्या काय कामाची?"

"ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली.

तो तिला वाटेल तसे बोलला. ती चार पावले गेली आणि परत आली. नदीतून ओंजळीने पाणी आणून तिने त्याला पाजले. भाकरी उचलून धूळ झटकली आणि त्याच्या शेजारी ठेवली. ऊन कलेपर्यंत ती तिथे बसून राहिली. तो ग्लानीत गेला तेव्हा अंगावरचा शेला तिने त्याच्यावर घातला.

वाटेत तिने धनेशाला विचारले, "मी बरोबर केले का?"

"मी पक्षी आहे," धनेश म्हणाला. "मला सांगता येणार नाही."

डोंगर ओलांडल्यावर वनजाईची झोपडी दिसली. म्हातारी चुलीवर तांदळाची पेज ढवळत होती. झोळी खुंटीला टांगलेली होती, आणि वारा नसतानाही ती हलत होती.

कुमुदवतीने हात जोडले. "माई, वाटेत तुमचे तिघे भेटले. एकाला दिले, एकाने फसवले, एकाला नाकारले. मी तुमच्या परीक्षेत उतरले का, सांगा."

वनजाईने डाव खाली ठेवला. "कोण तिघे? मी कोणालाही पाठवले नाही."

"मग ते कोण होते?"

"भिकारी होते. प्रत्येक रस्त्यावर असतात. परीक्षा तुझ्या बापाच्या दारात घेतात, पोरी. माझ्या दारात नाही."

कुमुदवती मटकन खाली बसली. इतकी वाट चालताना मनात धरलेला धीर एकाएकी सुटला. चुलीची ऊब अंगाला लागली, आणि आपण कधीपासून जेवलो नाही हे तिला आठवले. झोळी मागायची होती, आईविषयी सांगायचे होते, पण तोंडून निघाले ते एवढेच, "माई, मला भूक लागली आहे. थोडी पेज द्याल?"

वनजाई तिच्याकडे पाहत राहिली. त्या राजघराण्यातल्या कोणी आजवर काही मागितले नव्हते. तिने लाकडी वाडग्यात पेज ओतली आणि मिठाचे खडे घालून तिच्या हातात दिली.

कुमुदवतीने घोट घेतला आणि ती थबकली. जिभेवर काहीतरी जागे झाले होते. "हे काय आहे?"

"मीठ," वनजाई म्हणाली. राजकन्या पेज पीत होती आणि रडत होती, आणि म्हातारी वाडग्यात आणखी पेज ओतत होती.

मग कुमुदवतीने आईची अवस्था सांगितली. वनजाईने चुलीतला विस्तव सारखा केला. "तुझ्या आईने," ती म्हणाली, "मला एकदा त्या मांडवात वाढले होते. फार पूर्वी. मी तेव्हा मुलगी होते, आणि ती नवी नवरी." ती उठली आणि तिने झोळी खुंटीवरून काढली. "ही जिथे आवळली तिथेच सोडावी लागते. चल."

दोघी राजधानीत पोहोचल्या तेव्हा भर दुपार होती. कुमुदवतीच्या पायांत वहाणा उरल्या नव्हत्या, केस धुळीने लाल झाले होते. पारख्यांनी तिला ओळखले नाही. "तू कोण?" त्यांनी विचारले.

ती बोलणार, तोच वनजाईने तिचा हात दाबला. कुमुदवतीला समजले. ती म्हणाली, "मी भुकेली आहे."

पुढच्या दोन्ही प्रश्नांना तिने तेच उत्तर दिले.

सज्जात राजा होता. तो आता म्हातारा झाला होता. ते शब्द त्याने पूर्वी एकदा ऐकले होते, आणि त्यानंतर एकही दिवस तो ते विसरला नव्हता. तो जिना उतरून अनवाणी दाराशी आला. लेकीला ओळखण्याआधीच त्याने पारख्यांना बाजूला सारले आणि म्हटले, "आत या. दोघी आत या." मग त्याने लेकीचे तोंड पाहिले, आणि शेजारच्या म्हातारीचेही. त्याने मान खाली घातली.

"राजा, जेवायला वाढ," वनजाई म्हणाली.

राजाने कधी कोणाला वाढले नव्हते. त्याने भात सांडला, आमटी पानाबाहेर गेली. राजा स्वतः वाढतो आहे हे ऐकून राणी दासीचा आधार घेत मांडवात आली आणि नवऱ्याच्या हातातला डाव धरून म्हणाली, "असा नव्हे. असा."

वनजाईने पहिला घास घेतला आणि झोळीचे तोंड सोडले. बाहेर काही पडले नाही. पण फोडणीचा वास मांडवातून रस्त्यावर गेला, रस्त्यावरून घराघरांत शिरला. पारावरचे म्हातारे जागचे उठले. लहान मुले गूळ तोंडात घालून घाबरली आणि आयांकडे धावली, कारण हे काय होते आहे ते त्यांना ठाऊक नव्हते. राणीने वनजाईच्या पानावरचा एक घास उचलला, तोंडात घातला, आणि कितीतरी वर्षांनी दुसरा घास मागितला.

जेवण झाल्यावर राजाने विचारले, "माई, फसवणारे पुन्हा येतील. त्यांचे काय करू?"

"येतील," वनजाई म्हणाली. "तू एखाद्या पानापुरता फसशील. त्याने राज्य बुडत नाही."

पारखी घरी गेले आणि मांडव पुन्हा भरू लागला. वेशीवरच्या त्या तरुणाला राजकन्येने बोलावून घेतले. त्याने मांडवात पाणी वाढायचे काम धरले, आणि अधूनमधून बुडवलेही. करंजाच्या झाडाखाली वैद्य पाठवले. त्यांना शेला सापडला, माणूस सापडला नाही. कुमुदवतीने तो शेला धुऊन घडी करून ठेवला, आणि त्या माणसाविषयी ती कधी कोणाशी बोलली नाही.

वनजाई दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. कुमुदवती वेशीपर्यंत पोहोचवायला गेली. तिने विचारले, "माई, पुन्हा केव्हा याल?"

"भूक लागली की," वनजाई म्हणाली, आणि रिकामी झोळी खांद्यावर टाकून डोंगराकडे चालू लागली.

पुढे कुमुदवती राणी झाली. रोज दुपारी ती आपल्या शेजारी वनजाईसाठी एक पान मांडून ठेवी आणि थोडा वेळ दाराकडे पाही. वनजाई येत नसे. मग दाराशी जे कोणी उभे असेल त्याला ती हाक मारी, आणि ते माणूस येऊन त्या पानावर बसे.