ढोलकीवालीचे हात

"मग पुन्हा कुणी माझं काम चोरू नये म्हणून कुलूप तरी कुठलं लावू, बुवा?"

केतकीनं कोरेबुवांना पुन्हा विचारलं.

दोघं पिंपळाच्या पारावर बसले होते. पार खरा नव्हता, पिंपळही खरा नव्हता. नवखंड नावाच्या त्या ऑनलाइन जगात माणसं घरबसल्या डोळ्यांवर हेडसेट चढवून येत आणि हवं ते अंग घालून हिंडत. कुणी वाघ, कुणी परी, कुणी शिलेदार. अशा अंगांना तिथं अवतार म्हणत.

बुवांनी मात्र काहीच निवडलं नव्हतं. नव्या माणसाला दारातच एक मातकट, बिनचेहऱ्याचं अंग फुकट मिळे आणि लोक ते लगोलग टाकून देत. बुवा वर्षानुवर्षं त्यातच होते, म्हणून ते कोरेबुवा. निम्म्या नवखंडाला अवतार घडवायला त्यांनीच शिकवलं होतं. केतकीलाही.

केतकी घोलप बार्शीची. पोरगी हुशार, आणि हे तिला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे. तिनं वर्षभर खपून एक ढोलकीवाली घडवली होती. नऊवारीचा काष्टा, कमरेला ढोलकी, आणि बोटं अशी पडत की बघणाऱ्याचे पाय आपोआप हलू लागत. तिनं ती सगळ्यांना वापरायला मोकळी ठेवली. लोक ती घालून वरातीत नाचले, बारशाला नाचले, उगाचही नाचले.

मग पराग सुरवसे नावाच्या एका गड्यानं तीच ढोलकीवाली उचलली, लुगड्याचा रंग बदलला आणि आपल्या नावावर नोंदवून विकायला काढली. वर उलटी तक्रार केली, की केतकीनंच माझी नक्कल मारली. केतकीनं नोंद कधी केलीच नव्हती, आणि कच्चं काम जुन्या लॅपटॉपबरोबर गेलं होतं. व्यवस्थापकांना काही उलगडेना. त्यांनी निवाडा बुवांवर सोपवला. केतकी हरली तर ढोलकीवाली कायमची जाणार होती आणि कपाळी नक्कलखोरीचा शिक्का बसणार होता.

"माझं लेकरू आहे हो ते," ती म्हणाली.

"…"

"बुवा, काहीतरी बोला ना!"

"वाजव."

केतकीनं ढोलकीवालीचं अंग घातलं आणि थाप टाकली. बुवांच्या चेहऱ्याला डोळे नव्हते, तरी मान तिच्या हातांकडे वळली आणि तिथंच राहिली.

"हात छान आहेत," ते म्हणाले.

"सगळे हेच म्हणतात."

एवढं बोलून केतकीनं वाजवणं थांबवलं. का कोण जाणे, तिला तिथं बसवेना.

निवाड्याच्या दिवशी चौक माणसांनी, वाघांनी आणि पऱ्यांनी फुलून गेला. मधोमध दोन ढोलकीवाल्या उभ्या केल्या होत्या, एकीचं लुगडं हिरवं आणि दुसरीचं जांभळं. बाकी तसूभर फरक नव्हता. पराग जरीच्या फेट्यातला सरदार होऊन आला होता आणि आधीच जिंकल्यासारखा मिशीवर ताव देत होता.

"परागराव," बुवा म्हणाले, "एकच विचारतो. हिच्यात तुमचं नसलेलं काय आहे?"

"म्हणजे?"

"तुमचं नसलेलं."

पराग हसला. "काहीच नाही, बुवा. केसापासून नखापर्यंत सगळं माझं."

"केतकी, तू?"

केतकी भरपूर तयारी करून आली होती. निऱ्या कशा बसवल्या, नथीवर उजेड कसा खेळवला, सगळं तोंडपाठ होतं. या प्रश्नाची तयारी मात्र नव्हती. खरं सांगावं तर लोक ज्यावर जीव टाकत होते तेच हातचं जाणार होतं, तेही चारचौघांत.

बुवा थांबले. घाई त्यांना कधीच नसे.

"हात," ती पुटपुटली.

"मोठ्यानं."

"हात माझे नाहीत!" केतकी ओरडलीच. "मिरजेच्या शमीम शिकलगारांनी केलेत ते. त्यांनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवले होते. अट एकच, सोबत नाव ठेवा. मी नाव काढून टाकलं. मला ढोलकीवाली माझ्या एकटीची हवी होती."

केतकीला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऐकलंत?" पराग पुढं सरसावला. "तिच्याच तोंडून ऐकलंत! चोर तीच आहे!"

"आणि तुमच्या बाईचे हात?" बुवांनी विचारलं.

"माझे! सांगितलं की."

"मग डावी करंगळी वाकडी का?"

पराग जांभळ्या लुगड्यावालीकडे वळला. करंगळी खरंच वाकडी होती. ती त्यानं कधी पाहिलीच नव्हती.

"ती… ती स्टाइल आहे."

तेवढ्यात गर्दीतून एक मातकट, बिनचेहऱ्याचं अंग वाट काढत पुढं आलं. नवखंडात ते पहिल्यांदाच पाऊल टाकत होतं.

"मी शमीम," ते म्हणालं. "वाकडं बोट ओळखून बुवांनी निरोप धाडला, तशीच आले. अंगबिंग निवडायला काय जमलं नाही. ती आमच्या अब्बांची करंगळी हाय. ढोलकी सुरात आणायला दोरी ताणताना अडकून मोडली, पण वाजवायचं सोडलं नाही त्यांनी. मी हात केले तवा म्हटलं, बोट सरळ केलं तर ते अब्बांचं ऱ्हायचं न्हाई."

कुठल्या तरी वाघाला हसू फुटलं आणि मग अख्खा चौक हसला. सरदाराचा फेटा क्षणभर थरथरला आणि फेट्यासकट सरदार गायब झाला. घरी परागनं हेडसेट काढून फेकला असावा.

"ढोलकीवाली केतकीची," बुवा म्हणाले. व्यवस्थापकांनी तिथल्या तिथं नोंद बदलली.

केतकी जिंकली होती. पण ती आधी शमीमसमोर जाऊन वाकली.

"चुकले मी, ताई. हात काढून घ्यायचे असतील तर घ्या."

"काढून कशाला घेऊ? नाव लाव की, पोरी."

केतकीनं सगळ्यांदेखत ढोलकीच्या खोडावर अक्षरं कोरली. वर, "हात: शमीम शिकलगार, मिरज". खाली, "बाकी: केतकी घोलप, बार्शी". मग तिनं ढोलकीवाली पुन्हा सगळ्यांसाठी मोकळी केली, आणि काय सांगावं! वाघांनी कातडी उतरवली, पऱ्यांनी पंख टाकले, जो तो ढोलकीवाली झाला. चौक थापांनी दणाणून गेला. प्रत्येक ढोलकीवर दोन्ही नावं होती आणि प्रत्येक डावी करंगळी वाकडी होती.

"या अल्ला, अब्बा चौकभर वाजवायला लागले की!" शमीम हसत होती आणि रडतही होती. केतकीनं तिचा मातकट हात धरला आणि दोघी गर्दीत शिरून मनसोक्त नाचल्या. इतका आनंद केतकीला ढोलकीवाली पहिल्यांदा उभी राहिली तेव्हाही झाला नव्हता.

नाचून दमल्यावर ती पारावर आली. बुवा नेहमीच्या जागी होते. कुलपाचं उत्तर अजून मिळायचंच होतं. तिनं तोंड उघडलं, बुवांच्या कोऱ्या अंगाकडे बघितलं, आणि ते विचारायचं राहून गेलं.

"बुवा, हे तुमचं अंग. दारात सगळ्यांना मिळतं ते. कुणी केलं हो?"

बुवांनी आपला हात वर केला. तळवा बघितला, मग उलटा करून बघितला. लांबून ढोलक्यांचा आवाज येत होता.

"इतक्या वर्षांत," ते म्हणाले, "विचारणारी तू पहिली."