सात वर्षे थांबलेले बेट

एका राज्यात, चहूकडे समुद्र आणि मधोमध देवदारांचे अरण्य अशा बेटावर, सूर्यदेवीचे लाकडी देऊळ होते. दर वीस वर्षांनी ते उतरवायचे, शेजारच्या मोकळ्या जागेत तसेच नवे उभारायचे आणि देवीचा आरसा तिकडे न्यायचा, अशी तिथली रीत. आरशात साक्षात देवी राही; त्यात कोणी डोकावत नसे.

पण राजाचा त्या देवळावर फार जीव. ते मोडण्याची वेळ आली, तेव्हा त्याने मांत्रिकाकडून त्यावर मंत्र टाकवून घेतला, "हे कधीही जुने न होवो!"

देऊळ जुने झाले नाही. मात्र त्या दिवसापासून बेटावर काहीच पुढे सरकेना. भाताच्या लोंब्या हिरव्याच राहिल्या. सुतारांची प्रमुख सुझुए सात वर्षे गरोदर राहिली. बाळ पोटात हाले, जन्माला मात्र येईना.

एके सकाळी देवीचा दूत, तीन पायांचा कावळा, सुझुएच्या कुंपणावर उतरला. म्हणाला, "सुझुए, झाडाची परवानगी घे. नवे देऊळ बांध. जुने आपल्या हातांनी उतरव. मंत्र तुटेल."

तिने अरण्यातल्या थोरल्या देवदाराला हात जोडले. "येशील का?" देवदार थरारला आणि कुऱ्हाड न लागता अलगद आडवा झाला. शंभर दिवसांत तिने एकही खिळा न मारता नवे देऊळ उभारले. जुन्यापाशी मात्र तिचा हात उचलेना. खांबाखांबावर तिच्या दिवंगत वडिलांच्या रंध्याच्या खुणा होत्या.

एवढ्यात राजा धावत आला. "थांब! हात लावलास तर शिरच्छेद होईल."

"महाराज, हे माझ्या बाबांनी घडवले. मोडताना माझाही जीव तुटतो. पण माझे बाळ सात वर्षे अंधारात आहे."

राजाने तिच्या पोटाकडे पाहिले. मग तो बाजूला झाला.

सुझुएने पहिली पाचर ठोकून काढली. वारा सुटला. पुजाऱ्यांनी पांढऱ्या रेशमात झाकलेला आरसा उचलला. देवी नव्या देवळाच्या वाटेने निघाली. दिसले कुणालाच काही नाही, पण समुद्राची गाज थांबली, देवदारांचे शेंडे लवले, माणसांच्या अंगावर काटा आला. बघता बघता शेते पिवळी झाली. तिथेच सुझुएला कळा सुरू झाल्या. देवळाच्या लाल कमानीबाहेरच्या झोपडीत तिला मुलगी झाली.

राजाने दाराशी येऊन विचारले, "नवे देऊळही उतरवायचे?"

"होय महाराज, वीस वर्षांनी."

"तोवर मी म्हातारा होईन."

"होय, महाराज."

राजा कमानीखाली गेला, तिथल्या रिवाजाप्रमाणे दोनदा टाळी वाजवली आणि देवीपुढे कमरेत वाकला.