खारीची बुरसलेली आंबापोळी

डोंगरउतारावरच्या एका रानात एक खार राहत असे आणि तिचा आंबापोळीचा धंदा होता. रायवळ आंब्यांचा रस काढायचा, तो कातळावर पातळ पसरायचा, एक थर वाळला की त्यावर दुसरा द्यायचा. असे चार थर झाले की पोळी सोडवून तिच्या घड्या घालायच्या. दर आठवड्याला मोठ्या वडाखाली रानाचा बाजार भरे. तिथे वडाच्या एका जाड मुळावर खारीची ठरलेली जागा होती. पोळी देऊन ती नाचणी आणि शेंगा घरी नेई. तिचे आणि तिच्या तीन पिलांचे पोट त्या जागेवर चाले.

त्या वर्षी तिची पोळी बिघडू लागली. वरून पिवळीधमक दिसे, पण घडी उलगडली की आत बुरशी. एका माकडिणीने तर भर बाजारात पोळी तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "बाई, हे तूच खा." बाजाराची व्यवस्था एक म्हातारा सांबर पाहत असे. त्याने खारीला बजावले, "पुन्हा असं होऊ देऊ नकोस."

खारीला कारण कळेना. कोणाला विचारावे, तर तेही नको. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचे ठाम मत. रानातले पोपटही आंबापोळी करत आणि वडाखाली जागा कधी रिकामी होते याची वाट पाहत. त्यांनी आपली रीत पाहू नये म्हणून त्या वर्षापासून खार करवंदीच्या दाट जाळीमागे, एका आडबाजूच्या कातळावर पोळ्या घालू लागली होती. हीच रीत रानातल्या प्रत्येकाला ठाऊक होती, हे मात्र तिला कोणी सांगितले नव्हते.

अशा छोट्या धंदेवाल्यांसाठी एका म्हाताऱ्या मुंगीने वर्ग सुरू केला. माल वाळवणे आणि साठवणे यांत मुंग्यांचा हात धरणारे रानात दुसरे कोणी नाही. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पळसाच्या झाडाखाली सगळे जमले. मुंगीने एवढाच निरोप दिला होता, "येताना आपापला माल आणा."

आता तुम्हीच सांगा, शिकवायला कोणी आले की आपण काय दाखवतो? सुगरणीने तिची सर्वांत सुबक टोपली आणली. सशाने निवडून निवडून गोड कंद आणले. खारीने कातळाच्या कडेला वाळलेली, घडीला चटकन वाकणारी एकच उत्तम पोळी आणली. बुरसलेल्या पोळ्या तिने ढोलीत पाल्याखाली दाबून ठेवल्या होत्या. मुंगीने पोळीची चव घेतली आणि म्हणाली, "झकास झाली आहे. तुला काय शिकवू मी?" सगळ्यांनी मान डोलावली. खार शेपटी फुलवून घरी गेली. तिला खूप बरे वाटले, पण शाबासकीने काही पोळी वाळत नाही.

पुढच्या बाजारात तीन घड्यांत बुरशी निघाली. सांबर या वेळी रागावलाही नाही. तो शांतपणे म्हणाला, "खारूताई, येत्या बाजारात एका जरी घडीत असं निघालं, तर ही जागा मी पोपटांना देईन. गिऱ्हाईक एकदा तुटलं की साऱ्या बाजाराचं तुटतं." समोरच्या फांदीवर एक पोपट बसला होता. त्याने हे ऐकले आणि मान फिरवली. त्या दिवशी खारीने घरी काही खाल्ले नाही. पिलांना काय सांगावे, हे तिला सुचत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती वर्गाला गेली, ती पुन्हा एक चांगली पोळी घेऊनच. तेवढ्यात अस्वल आले. त्याचा मधाचा धंदा. त्याने भोपळ्याचे भांडे सगळ्यांच्या मधोमध ठेवले. मधावर फेस आला होता आणि त्याला आंबूस वास येत होता. ससा नाक दाबून हसला. सुगरण म्हणाली, "अस्वलदादा, वर्गाला असला माल आणतात का?"

अस्वल म्हणाले, "चांगला मध मला काढता येतो. हा का नासला, तेवढं कळत नाही. म्हणून हाच आणला."

मुंगी पुढे झाली. "मोहोळ काढलंस तेव्हा सगळी घरं मेणानं बंद झाली होती का?"

"नाही. निम्मी उघडी होती."

"मग तो मध कच्चा. त्यात पाणी जास्त असतं, तो आंबणारच. झाकणं बसेपर्यंत थांबत जा."

"एवढंच?" अस्वल म्हणाले.

"एवढंच," मुंगी म्हणाली.

खार बघत राहिली. दोन वर्गांत तिला मिळाले नव्हते, ते अस्वल चार वाक्यांत घेऊन निघाले होते. तिला स्वतःची लाज वाटली. ती उठली, पळत ढोलीत गेली, पाल्याखालची सर्वांत वाईट पोळी तोंडात धरून आणली आणि मुंगीपुढे टाकली. या वेळी मात्र कोणी हसले नाही.

मुंगीने पोळीची कड कुरतडली. थर एकमेकांपासून सुटून आले. "खालचा थर ओला असताना वरचा ओतलास. तुझ्या कातळाला ऊन किती वेळ?"

"दुपारपर्यंत. मग जाळीची सावली येते."

"मग जाळीमागे कशाला घालतेस?"

"पोपटांनी रीत बघू नये म्हणून," खार हळूच म्हणाली.

सुगरण म्हणाली, "अगं, आंबापोळी कशी घालतात ते माझ्या पिलांनाही ठाऊक आहे. माळावरच्या उघड्या कातळावर घाल की."

"तिथे कावळे येतील, माकडं येतील."

"मी गवताची जाळीदार चटई विणून देते. वरून झाक. ऊन लागेल, चोच लागणार नाही."

"आणि राखणीला मी बसेन," अस्वल म्हणाले. "पण पोळीकडे पाठ करून. तोंड करून बसलो तर मीच खाईन."

त्या आठवड्यात खारीने मोजक्याच पोळ्या घातल्या. एका थराला अख्खा दिवस ऊन दिले. मुंगी रोज येऊन थरावर चालून बघे. तिचा पाय चिकटला, तर दुसरा थर नाही. खारीला घाई होई, पण ती थांबे.

बाजाराच्या दिवशी सांबर स्वतः तिच्या जागेपाशी आला. त्याने प्रत्येक घडी उलगडायला लावली. माकडीणही येऊन उभी राहिली. पहिली घडी स्वच्छ निघाली, दुसरीही. शेवटच्या घडीपर्यंत कुठेच बुरशी दिसली नाही. मग सांबर म्हणाला, "जागा तुझीच." माकडिणीने शेंगांची जुडी पुढे सरकवली आणि एक पोळी उचलली.

गर्दी पांगल्यावर पोपट फांदीवरून खाली उतरला. जरा घुटमळला. मग म्हणाला, "खारूताई, ही जागा मला मिळाली असती, तरी टिकली नसती. आमच्याही पोळीला बुरशी येते. तू काय केलंस?"

वडाखाली जागा मिळवायला टपलेला हाच तो पोपट. त्याला सांगितले तर पुढच्या वर्षी त्याची पोळी आपल्याइतकीच चांगली होणार, हे खारीला नीट कळत होते. तरी ती म्हणाली, "उद्या सकाळी पळसाखाली ये. आणि येताना चांगली पोळी आणू नकोस."

तात्पर्य : जो आपला बिघडलेला माल चारचौघांत मांडतो, त्यालाच शिकवता येते आणि त्याच्याच मदतीला चौघे येतात.